तळवे

मे महिन्यात तांडापेठेतल्या गच्चीवर
पाणी सांडलं तर डाग पडायच्या आत वाळतं.
शकुन कुरड्या उलटून खाली आली,
आणि जिन्यापासून चुलीपर्यंत
फरशीवर ओला ठसा उमटत गेला,
एकाच पायाचा.
मी म्हटलं, पाय धुतला काय वं?
ती म्हणाली, नाई. काहून?

उजव्या तळव्यावर फोड आला होता,
फुटलाही होता,
तिला न विचारता.

बारा वर्षांची शुगर.
पाहुण्यांपुढे संत्र्याची बर्फी ठेवून
स्वतः फिका चहा घेतला तिनं,
तर्रीतलं तेल चमच्यानं बाजूला सारलं,
दोन मडक्यांच्या मधल्या ओल्या रेतीत
इन्सुलिनची कुपी जपली, लाइट जाते म्हणून.
माझ्या बीपीच्या गोळ्यासुद्धा तीच मोजते.
आम्हाला वाटलं, सांभाळलं सगळं.
पायांचं कुणी विचारलं नव्हतं
आणि पायही काही बोलले नव्हते.

मेडिकलमध्ये चिठ्ठी, रांग, पंख्याखालची जागा दुसऱ्याची.
गजभिये सिस्टरनं ड्रॉवरमधून
नायलॉनचा एक तंतू काढला.
डोळे मिटा मावशी, लागलं की सांगा.
दहा ठिकाणी टेकवला तिनं,
तंतू वाकेपर्यंत.
शकुन तीनदा बोलली.

मी बाजूला उभा.
चाळीस वर्षं हातमागावर काढली मी,
तुटलेली तार अंधारात बोटांनी हुडकायचो;
करवती काठाचा एक धागा उसवला
तर झोपेत कळायचं.
आणि घरात सात जागी
धागा लागतच नव्हता.

सिस्टर रागावली नाही. जेवणाच्या सुट्टीचे दहा मिनिटं उरले होते,
ते तिनं आम्हाला दिले.
आंघोळीचं पाणी कोपरानं बघायचं, पायानं नाही.
बेचक्या पुसून कोरड्या करायच्या.
खोबरेल चोळा, पण बेचक्यांत नको.
नख सरळ कापा, कोपरे कोरू नका.
फोड दिसला तर घरी फोडायचा नाही,
इथं यायचं, त्याच दिवशी.
घरातही चप्पल. घालायच्या आधी आत हात फिरवा,
खडा असला तरी पाय सांगणार नाही आता.
जोडवी रुतताहेत, काढा.

तेवढ्यावर रडली ती.
फोडावर नाही, सुईवर नाही.

मग सिस्टर माझ्याकडे वळली:
काका, मावशीची नजर अधू आहे.
रोज रात्री तळवे तुम्ही बघायचे.

छत्तीस वर्षं झाली लग्नाला.
पहिल्या रात्री तिनं पाय पोटाशी ओढून घेतले,
म्हणाली, हात नका लावू, मले पाप लागन.
दिव्याखाली पाटावर बसलो तरी
लुगड्याचा काठ ओढत राहिली पायांवर.
मी म्हटलं, सिस्टरनं सांगितलं. हे औषधच हाय.
औषध म्हटल्यावर तिनं पाय पुढे केला,
चेहरा मात्र भिंतीकडे.

काय बघितलं मी?
टाचेच्या भेगा, कांड्या भरताना पडलेला घट्टा,
अंगठ्यापाशी एक जुना व्रण
ज्याची गोष्ट मला ठाऊक नाही.
विचारलं तर म्हणाली, लहानपणचा.
आणखी विचारलं तर सांगितलं,
अर्ध्या तासाची गोष्ट, माहेरची विहीर, एक बकरी.
मागावर कापड तपासावं तसा मी
बोटाबोटानं पुढे सरकत होतो.

आता पावसाळा आला. फोड भरला,
कातडी गुलाबी, नव्या रिळासारखी.
जोडवी वाटीत आहेत, मडक्यांच्या शेजारी;
येता-जाता ती वाटी हलवून ठेवते.
कधी आम्ही भांडलेलो असतो.
तरी दिवा लागतो, पाट मांडला जातो,
पाय पुढे येतो.

परवा डाव्या तळव्याच्या कमानीत
माझं बोट जरा रेंगाळलं,
आणि तिनं पाय झटकन ओढला:
आवं, गुदगुल्या होऊन राहिल्या ना!

ती जागा मी लक्षात ठेवली आहे.
तपासून झालं की शेवटी
तिथं एकदा बोट ठेवतो.
सिस्टरनं सांगितलेल्यात
हे नव्हतं.